डावा खांदा

अक्काचे वडील नालबंद. दुसऱ्यांच्या घोड्यांचे खूर मांडीवर घेऊन त्यांचा जन्म गेला, आणि अक्का त्या खुरांच्या आसपासच वाढली. ती एकोणीस वर्षांची असताना पोलोच्या संघातला एक खेळाडू ऐन सामन्याआधी आजारी पडला. चौथा गडी मिळेना, तेव्हा कोणीतरी म्हणालं, नालबंदाची पोर बसते की घोड्यावर. त्या दिवशी तिने दोन गोल केले. पुढची तीस वर्षं तिला संघाबाहेर ठेवायची कोणाची छाती झाली नाही. अजिंक्यपद तिने पाच वेळा जिंकलं.

खेळता खेळता तिने घोड्यांची पैदासही सुरू केली. नवरा गुरांचा डॉक्टर, त्यामुळे घरचाच आधार होता. प्रत्येक शिंगराची एक वही असायची. त्यात आईबाप, उंची, दुखणी आणि शेवटी खोडी, असे रकाने. अक्काच्या तबेल्यातलं जनावर म्हटलं की लोक डोळे मिटून विकत घेत.

काजळी ही त्यातली सगळ्यात चपळ घोडी. चार महिन्यांची असताना वाऱ्याने लोखंडी फाटक आपटलं आणि तिचा डावा खांदा त्यात चेंगरला. जखम पंधरवड्यात भरली. भीती गेली नाही. पुढे एका सरावात दुसरा घोडा भरधाव येऊन तिला डावीकडून भिडला, तशी ती जागच्या जागी खिळली. अक्का तिच्या मानेवर आपटली, आयाळ हाताला लागली म्हणून वाचली. हे नीट पाहिलं ते फक्त घोड्यांची निगा राखणाऱ्या म्हाताऱ्या मोतद्दाराने. तो काही बोलला नाही, अक्काही नाही. वहीत खोडीच्या रकान्यात तिने नुसती रेघ ओढली.

अक्काची मुलगी तिच्याच संघात खेळायची. ती चोवीस वर्षांची झाली आणि दुसऱ्या संघात गेली. आईच्या संघात मी जन्मभर आईची मुलगीच राहीन, असं तिचं म्हणणं. जाताना तिने काजळी मागितली, अक्काने दिली. घोडी ट्रकात चढवून झाल्यावर अक्का म्हणाली, "एक सांगायचं होतं."

"आई, सूचना पुरे आता. माझं मी बघेन."

अक्काला ते लागलं. "बघ मग," ती म्हणाली.

नंतर फोनवर सांगता आलं असतं. आज सांगू, उद्या सांगू करत तिने वर्ष घालवलं. मग अंतिम सामन्यात दोघींचे संघ समोरासमोर आले आणि सांगायची सोयच उरली नाही.

सामना शेवटपर्यंत बरोबरीत होता. शेवटची चक्कर, म्हणजे सात मिनिटांचा शेवटचा डाव, संपायला दीड मिनिट उरलं असताना मुलीला चेंडू मिळाला आणि ती काजळीवर सुटली. समोर मोकळं मैदान आणि गोलाचे दोन खांब. मागून अक्का येत होती, डाव्या बाजूने. घोड्याला घोडा भिडवून समोरच्याला चेंडूच्या रेषेवरून ढकलणं नियमात बसतं. अक्काने ते हजारदा केलं होतं. उजवीकडून जायचं तर मागून वळसा पडला असता, आणि तेवढ्यात गोल झाला असता. तिला मुलीची वेणी दिसत होती. घामाने चकाकणारा काजळीचा डावा खांदा दिसत होता. अंतर दहा हात राहिलं, मग पाच. त्या क्षणी मनात काय होतं, हे तिला नंतर कधीच धड सांगता आलं नाही. टाच मात्र घोड्याला लागली.

काजळी थांबली. मुलगी तिच्या डोक्यावरून पुढे फेकली गेली. चेंडू मोकळा पडला होता. अक्काने आधी तो मारला, आणि मग मागे वळून पाहिलं.

पंचांनी शिट्टी फुंकली. नवरा बॅग घेऊन मैदानात धावला आणि मुलीजवळ गुडघ्यांवर बसला. ती शुद्धीत होती, पण उठवत नव्हतं. स्ट्रेचर आलं. टक्कर नियमात आहे, असं पंचांनी सांगितलं, आणि अक्काला विचारलं, पुढे खेळताय ना? अक्काने होकारार्थी मान हलवली. उरलेल्या मिनिटात तिच्या संघाने गोल केला.

मुलीचं गळ्याजवळचं हाड आणि दोन बरगड्या मोडल्या होत्या. दवाखान्यात तिने अक्काला खाटेजवळ बोलावलं.

"टकरीबद्दल माझं काही म्हणणं नाही," ती म्हणाली. "मीही मारली असती. पण काजळी अशी थांबणार, हे तुला माहीत होतं?"

"हो."

"मी नको म्हटलं म्हणून सांगितलं नाहीस, की कधीतरी कामाला येईल म्हणून?"

हे किंवा ते, काहीही म्हटलं असतं तरी अर्धं खोटं झालं असतं. "मला नाही माहीत," अक्का म्हणाली. नवरा खिडकीशी उभा होता. तो खोलीबाहेर गेला.

घरी येऊन अक्काने सगळ्या वह्या काढल्या. खोडी लपवायला ओढलेल्या अशा रेघा आणखी तीन जनावरांच्या नावापुढे निघाल्या. तिने तिन्ही मालकांना स्वतः फोन केले. एकाने ऐकून आभार मानले, एकाने नको नको ते सुनावलं, तिसऱ्याने दुसऱ्याच दिवशी घोडा परत धाडला. बोभाटा व्हायचा तो झालाच. त्या हंगामानंतर ती सामन्यात उतरली नाही. पश्चात्ताप वगैरे शब्द ती वापरत नसे. समोरच्याला भिडायच्या वेळी टाच अडखळते, आणि अशा माणसाने मैदानात जाऊ नये, एवढंच म्हणायची.

आठ महिने मुलगी तिच्याशी बोलली नाही. मग एका सकाळी ती काजळीला घेऊन तबेल्यात आली, तिच्यावर खोगीर चढवलं आणि आईला म्हणाली, तू दुसरा घोडा घे, डावीकडून चाल, आधी अगदी सावकाश. त्या दिवशी काजळी सहा वेळा थांबली. दर वेळी मुलगी रिकिबीत पाय रोवून, ओठ घट्ट मिटून पडायच्या तयारीत बसे, आणि अक्का लगाम खेचून आपला घोडा मागे घेई.

"अजून जवळ ये, आई," मुलगी म्हणायची.

असं अडीच महिने चाललं. काजळी दुडक्या चालीत सरावली, पण भरधाव असताना तिचा भरवसा कधीच आला नाही, म्हणून मुलीने तिला सामन्यातून काढलं. मुलगी आता आठवड्यातून दोनदा तबेल्यात येते. दोघी बोलतात. बहुतेक घोड्यांविषयीच.