तळहातावरचे ठोके

लग्न होऊन परतूरला आले तेव्हा मला वाटायचं, इंजिन जितकं जोरात ओरडेल तितकं ताकदीचं. अक्कलच तेवढी होती. आमचे हे कापसाच्या जिनिंगवाल्या एका मालकाची फार जुनी मोटारगाडी सांभाळायचे. हँडल मारून सुरू करायची ती. सिलिंडर एकच, आणि चाल इतकी संथ की एकेक ठोका मोजता यायचा.

"म्हैस रवंथ करून राह्यली जणू," मी म्हणायचे.

"तिची चाल तीच आहे. पळवली की आतून जाते," असं म्हणून हे घड्याळ माझ्या हातात द्यायचे आणि मिनिटाचे ठोके मोजायला लावायचे. मी मुद्दाम वीस-पंचवीस वाढवून सांगायचे. हे स्क्रूवरून नजर न काढता म्हणायचे, "खोटं." एकदाही फसले न्हाईत.

एकदा हे पाणी प्यायला गेले आणि मी स्टेअरिंगजवळचा वेगाचा दांडा ओढला. इंजिन किंचाळलं, मी खिदळले. आतलं बेअरिंग वितळलं. मालकासमोर ह्यांनी चूक स्वतःच्या अंगावर घेतली. मला एवढंच म्हणाले, "ऐकायला शीक."

यंदा मालकाचा नातू तीच गाडी वरातीसाठी सजवून दारात घेऊन आला. ह्यांच्या अंगावरून वारं गेलेलं, बसणं खुर्चीतच. कानही पार गेलेत.

"आजी, इंजिनासकट सगळे पार्ट नवे टाकलेत. आजोबांना विचारा ना, बराबर चालते का."

गाडी भणाणत होती. ठोक्यात ठोका मिसळलेला, मोजायचं काय? ह्यांनी गाडीकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि चांगला हात उघडून पुढं केला. मोज, म्हणून.

मी तळहातावर बोट वाजवलं. एक. जरा जागा सोडून दुसरं. त्या म्हशीच्या चालीनं वाजवत राह्यले. ह्यांनी डोळे मिटले.

"बराबर," म्हणाले. "आज पहिल्यांदा खरं मोजलंस."

इतक्या वर्षांत माझं एकच खोटं ह्यांच्यापुढं पचलं, ते हे. पूर्वी असं जमलं असतं तर मी पदरात तोंड घालून हसले असते.

नातू खूश होऊन निघाला. गाडी वळणाआड गेली, धूरही विरला. ह्यांचा हात तसाच उघडा होता. मंग मीही बोट थांबवलं न्हाई.