साखर उतरण्याची धास्ती

तौनो लिप्पोनेन फिनलंडमधल्या कुहमो गावचा पोस्टमन. मधुमेह लहानपणापासूनचा, रोजच्या सुया अंगवळणी पडलेल्या. धास्ती बसली ती मार्चमधल्या एका दुपारी. गोठलेल्या तळ्यावर भोक पाडून तो गळ टाकून बसला होता आणि साखर एकाएकी उतरली. खिशातला साखरेचा खडा तोंडात टाकायचाय एवढं कळत होतं, पण हातमोजा कसा काढतात तेच आठवेना. शेजारी तिकडून चालला होता, म्हणून वाचला.

दवाखान्यात बायको पिर्क्को आधी रडली, मग म्हणाली, "मासे तरी मिळाले का?" तोही हसला.

घरी मात्र सुई हातात घेतली की हात आखडायचा. तो इन्शुलिन गुपचूप कमी घेऊ लागला. साखर चढलेली असली की निदान शुद्ध तरी जाणार नाही, असा त्याचा विचार. पिर्क्कोने विचारलं की "घेतलं" म्हणायचा. सौनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, एकटा जाईना. टपालाची गाडी चालवताना छाती धडधडली की रस्त्याकडेला थांबून वेलचीचा गोड पाव खायचा.

पुढच्या हिवाळ्यात पाकिटांवरचे पत्ते पुसट दिसू लागले. चढत्या साखरेने डोळ्यांच्या पडद्यावर रक्त झिरपलं होतं. इन्शुलिन चुकतंय हे नर्सने ओळखलं. रागावली नाही. "कशाची भीती वाटते तुम्हाला?" एवढंच तिने विचारलं.

"साखर उतरण्याची," तौनो म्हणाला. "आंधळा झालो तरी जिवंत तर असेन. हिला घाबरवायचं नव्हतं, म्हणून बोललो नाही."

पिर्क्को शेजारीच होती. ती म्हणाली, "मला घाबरवायचं नव्हतं म्हणे. तुला यायला उशीर झाला की मी खिडकीत उभी असते, ती काय बर्फ बघत?"

लेझरने उपचार झाले. थोडी नजर गेलीच, गाडी चालवणंही सुटलं. टपाल कचेरीत पत्रं निवडायचं बैठं काम मिळालं.

इन्शुलिन हळूहळू वाढवत ठरल्या मापावर आणलं, त्या दिवशी दोघं स्वयंपाकघरात बसली. जेवण झालं आणि तौनोला दरदरून घाम फुटला.

"उतरली," तो म्हणाला. "रस दे."

पिर्क्कोने त्याचं बोट टोचून मोजलं. साखर ठीक होती.

"मग हा घाम कसला?"

"भीतीचा," ती म्हणाली. "घाबर हवं तेवढं. मी बसलेय."

त्याने टेबलाची कड घट्ट धरली. थोड्या वेळाने पुन्हा मोजायला सांगितलं. तिने पुन्हा मोजलं.