मीटर आधी कुणाच्या बॉक्सला लावायचा?

मित्रांनो, दुपारपासून डोकं सणकलंय, म्हणून लिहितोय.

उद्या गल्लीत भीमगीतांचा कार्यक्रम आहे, मी बास गिटार वाजवतो. मैदान मोठं, माझा एक स्पीकर बॉक्स पुरणार नाय. म्हणून अँप्लिफायर आणि बॉक्स घेऊन करमाडच्या रफिकभाई साउंडवाल्यांकडं दुसरा बॉक्स जोडून बघायला गेलो.

माझ्या अँपला आठ ओहमचे दोन बॉक्स चालतात. त्यातला एक जरी चारचा निघाला, तर लोड वाढून अँप जळायची भीती. रफिकभाईंच्या जुनाट बॉक्सवर 'आठ ओहम'चं कोरं करकरीत स्टिकर! मला लगेच शंका आली. मी वाळूजला कंपनीत मेंटेनन्सला आहे, मीटर बॅगेत असतोच.

"मीटर लावू का?"

"लगाव ना. मैं कायको रोकूं?"

त्यांचा बॉक्स बरोबर निघाला. "अब अपना बी देख लेव," ते म्हणाले.

लावला. माझाच चारचा!

हा बॉक्स मला आमच्या गिटारवाल्या संदीपनं दिलाय. "आठचा हाय, डोळे झाकून वाजव," म्हणाला होता. दोन वर्षं तसाच वाजवला. एकटा होता तोवर अँपला काहीच झालं नाय.

आणि काल हाच संदीप म्हणाला, "दुसरा बॉक्स कशाला? एकच लई झाला की." काल वाटलं, जळतोय माझ्यावर. आज वाटतंय, त्याला सगळं माहीत होतं.

शेवटी दोन्ही बॉक्स रफिकभाईंचेच आणले. उद्या ते बघून संदीप विचारणारच, "मी दिलेला कुठाय?"

काय सांगू?