गाठ माही आहे

"ब्लाउज काढ," डॉक्टर म्हणाले.

दार उघडंच होतं. बाहेर बाकावर माणसं बसली होती. माहा नवरा, पोरीचे बाबा, माह्या मागं उभे. मी दाराकडे पाह्यलं. डॉक्टर माही फाईल चाळून राह्यले होते. पहिल्या पानावर आडनाव वाचलं, जरासे थांबले, आणि फाईल दोन बोटांनी बाजूले सारली.

मी हूक काढले. उजव्या बाजूले माही छाती नाही. नऊ वर्षांपहिले कॅन्सर झाला तेव्हा नागपूरले काढली. तिथं आडवा वण आहे. माह्या पोरीनंही तो नीट पाह्यला नसन. त्या दिवशी बाकावरच्या माणसांनी पाह्यला.

मी तर गळ्याची गाठ दाखवायले गेलती. समोर, बोराएवढी. ब्लाउज न काढताही दिसत होती.

डॉक्टरनं हात लावला नाही. हातातल्या पेनानं आधी वण दाखवला, मग गळा. माह्याशी नाही, पोरीच्या बाबाशी बोलले. "हे खाली होतं, आता वर आलंय. जुनंच आहे. पसरलंय. आता तपासण्या करून काही उपयोग नाही."

मी म्हटलं, "साहेब, पण ही गाठ..."

"तुला नाही विचारलं. एकदा सरकारनं वाचवलं ना? तुम्हा लोकांना वाटतं दर वेळी वाचवायचं."

मग नवऱ्याले म्हणाले, "घरी न्या. आवडतं ते खाऊ घाला."

मी हूक लावत लावत बाहेर आली. काही बोलली नाही. हे मी लपवत नाही. ज्या घरात माह्या आज्यानं दीक्षा घेतल्यावर देव्हारा काढून बाबासाहेबाचा फोटो लावला, त्या घरातली मी. पोरीले लहानपणापासून सांगत आली, कोणापुढं मान खाली घालायची नाही. आणि मी घातली. बसस्टँडवर नवऱ्यानं विचारलं, "चहा घेतं काय?" मी म्हटलं, नको. यवतमाळपासून कळंबपर्यंत मी फाईल मांडीवर उलटी धरून बसली.

मी गावच्या शाळेत पोरांचा भात शिजवत होती. चौदा वर्षं. बातमी गावात पोचली आणि शाळेतून निरोप आला, ताई, आराम करा. माह्या जागी दुसरी बाई लागली. सोयरे भेटायले येऊन राह्यले. कोणी मासोळी आणली, कोणी जिलबी. माही बहीण पुसदवरून आली, दारातच रडली. मी जित्ती बसून होती आणि लोक माह्यापुढं हळू आवाजात बोलत होते. कापूस वेचणी चालू होती तेव्हा मी डॉक्टरकडे गेलती. पेरणीचे दिवस आले तरी मी मरायची वाट पाहून राह्यली होती. गाठ वाढली. आवाज बसला. गिळायले त्रास व्हायले लागला. मी म्हटलं, आता आलं.

पोरगी, प्रज्ञा, यवतमाळले बारावी शिकते. सुट्टीत घरी आली. माही जुनी फाईल घेऊन जमिनीवर एकेक कागद लावून बसली. म्हणाली, "आई, मागच्या वेळचा हा कागद कायचा आहे?"

"सुई टोचून तुकडा काढला होता, त्याचा. तो आल्याबिगर नागपूरच्या डॉक्टरनं कॅन्सरचं नाव नव्हतं घेतलं."

"मग या वेळचा कुठं आहे?"

मी सगळे कागद पुन्हा एकदा उलटून पाह्यले.

कागद नव्हता. पाच-सहा महिने झाले मी मरून राह्यली होती, आणि कायनं मरून राह्यली ते कोणी पाह्यलंच नव्हतं. त्या माणसानं पेनानं ठरवलं, आणि मी मान हलवली. त्याचा राग आला. त्याहून जास्त माहा मलेच आला.

दुसऱ्या दिवशी आम्ही मायलेकी यवतमाळले त्याच डॉक्टरकडे गेलो. या वेळी कोणी "बस" म्हणायची वाट नाही पाह्यली. खुर्ची ओढली, बसली.

डॉक्टर म्हणाले, "परत कशाला आलीस? सांगितलं होतं ना?"

"तुकडा काढून पाह्यला काय तुम्ही?"

"आता तू मला डॉक्टरी शिकवणार?"

"शिकवून नाही राह्यली. विचारून राह्यली. गाठ माही आहे. न तपासता जुनी आहे म्हणता, तर तसं लिहून द्या. खाली सही करा."

त्यांनी लिहून दिलं नाही. कंपाउंडरले आवाज दिला, यांना बाहेर काढ म्हणाले. कंपाउंडर दारात आला आणि तिथंच उभा राह्यला. मी माही फाईल उचलली. आपल्या पायानं बाहेर आली.

मग आम्ही नागपूरले गेलो. तिथं एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं पहिले पडदा ओढला. मले "तुम्ही" म्हणाली. दोन्ही हातांनी माहा गळा चाचपला. म्हणाली, "थुंकी गिळा. परत गिळा." मले रडू फुटलं. तिले वाटलं दुखलं.

सुई टोचली. रिपोर्ट आला तेव्हा तिनं मलेच समोर बसवलं.

"ताई, कॅन्सरच आहे. पण जुना नाही. हा थायरॉईडचा, नवीन. छातीच्या आजाराशी याचा संबंध नाही. एकदा कॅन्सर झालेल्या बाईला दुसरा, अगदी वेगळा होऊ शकतो. म्हणून तर तपासल्याशिवाय ठरवायचं नसतं."

"इलाज आहे?"

"आहे." मग खाली पाहून म्हणाली, "लवकर आला असतात तर सोपं होतं."

ऑपरेशन झालं. गाठ आवाजाच्या नसेपर्यंत गेली होती, ती नस वाचली नाही. आता बोलते तर हवाच जास्त निघते. चार वाक्यांत धाप लागते. मानेतही पसरलं होतं. इलाज चालू आहे. डॉक्टरीण पक्कं काही सांगत नाही, आणि मी तिले खोटं बोलायले लावत नाही.

मी सांगतलं आणि प्रज्ञानं यवतमाळच्या डॉक्टरची तक्रार जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्याले लिहिली. अधिकाऱ्याचं उत्तर आलं, ते डॉक्टरांचे वैद्यकीय मत होते. दुसरी तक्रार लिहिली. तिचं उत्तर नाही. तिसरी लिहून तयार आहे.

मागच्या हप्त्यात महागावकडच्या तांड्यावरची एक बाई माह्या बहिणीकडून ऐकून माह्याकडे आली. चार वर्षांपहिले तिची छाती काढली. पाळी जाऊन किती वर्षं झाली, आणि आता अंगावरून रक्त जाते. तिले दवाखान्यात सांगतलं, जुनंच असन, घरी राहा. तपासलं कोणी नाही. मी विचारलं, "तुकडा काढला?" ती म्हणे, "म्हणजे काय?"

सोमवारी मी तिच्यासोबत त्या दवाखान्यात जाणार आहे. जे विचारायचं ते आम्ही कागदावर लिहिलं आहे, माहा आवाज अर्ध्यात गेला तर ती वाचन. तपासत नाहीत, आणि काय निघालं ते तिले तिच्या तोंडावर सांगत नाहीत, तोवर आम्ही दोघी खुर्चीवरून उठणार नाही. पोलीस बोलावले तरी नाही.