न सांगितलेला कौल

कौल लावायच्या आधी रघूकाका गुरव सगळ्यांना देवळाबाहेर काढायचे. सख्खा भाऊ असो की लग्नाची बायको, ज्याचा प्रश्न असेल तो एकटा आत आणि बाकीचे अंगणात. देवीच्या काळ्या पाषाणाच्या दोन्ही खांद्यांवर ते एकेक ओली कळी चिकटवायचे, विचारणाऱ्याला प्रश्न मनात धरायला सांगायचे आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. उजवी कळी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. कळी पडली की वळून एकदा बघायचे आणि लगेच ओल्या फडक्याने देवीचे खांदे पुसून टाकायचे. बाहेर कोणी अधीर होऊन ‘काय पडलं, काका?’ म्हणून विचारलंच, तर उत्तर ठरलेलं असे: “इचारणाऱ्याला इचारा. मी निस्ता फुलं चिकटवणारा.”

आमचं गाव रोह्यापासून आत, भात काढून झाल्यावर वाल पेरणाऱ्यांचं. इथे लग्न, विहीर, म्हैस, कोर्टातली तडजोड, सगळं आधी देवीच्या कानावर घालायची रीत. म्हणजे गावातल्या प्रत्येक घराचं एखादं तरी गुपित रघूकाकांना ठाऊक होतं. तरी कोणाला त्यांची धास्ती वाटत नसे. बारीक अंगकाठी, गुडघ्यापर्यंत धोतर, कमरेला पिशवी आणि रिकाम्या वेळी हातात पळसाची पानं. पत्रावळ टाचता टाचता ते गावाचं बोलणं ऐकायचे आणि मधेच एखादं वाक्य टाकायचे. एकदा दोन्ही पॅनेलवाले देवळात येऊन मतदारांना नारळावर हात ठेवायला लावत होते, तेव्हा काकांनी नारळ उचलून सरळ आत नेला. म्हणाले, “देवीचं नाव मतदार यादीत हाय का? नाय ना? मग तिला कशाला खेचताव?”

त्यांची धास्ती घेणारा पहिला माणूस मी.

मी सरपंचपदाला उभा राहिलो त्या वर्षाची ही गोष्ट. कंपनीला माणसं पुरवायचं माझं काम बरं चाललं होतं, रोह्याला लागून वरसे गावात फ्लॅट झाला होता, आणि आता गावात मान हवा होता. खोटं कशाला बोलू, हवाच होता. अर्ज भरल्यावर तालुक्याला आम्हा उमेदवारांची बैठक झाली. देवाधर्माच्या नावाने मत मागायचं नाही, असं साहेबांनी वाचून दाखवलं आणि आम्ही सगळ्यांनी खाली सह्या ठोकल्या. त्या कागदाच्या डोक्यावर तीन सिंह होते आणि त्यांच्याखाली ‘सत्यमेव जयते’. ते वाचायला कोणाला सवड होती?

सभेच्या दिवशी सकाळी मी एकटा देवळात गेलो. निवडून येईन का, एवढाच प्रश्न. कळी पडली. डावी.

“काका, परत लावा ना. वारा आला असेल.”

“वारा नाय आला,” फडकं पिळत ते म्हणाले. “आन देवी काय मोबाईल नाय, लागला नाय म्हणून परत लावायला.”

संध्याकाळी सभा देवळासमोरच होती. समोरच्या पॅनेलने सभामंडपाला लाद्या कबूल केल्या होत्या, त्यामुळे माझ्या रस्त्याच्या आणि पाण्याच्या गप्पा कोणी मनावर घेत नव्हतं. बाया आपसांत बोलत होत्या. मागची पोरं उठायला लागली होती. देवीचा जयजयकार करून बघितला, जरा जीव आला. मग पुढचं वाक्य कधी तोंडातून बाहेर पडलं ते मलाही कळलं नाही. “मंडळी, आज सकाळीच मी कौल लावला. आईनं मला उजवा दिलाय!”

टाळ्या, शिट्ट्या, जयजयकार. पुढे बसलेल्या माझ्या आईने देवळाकडे बघून हात जोडले. मीही त्याच दिशेने बघितलं. पायरीवर रघूकाका पत्रावळ टाचत बसले होते. आता हा माणूस मान वर करणार, उठणार आणि चार शब्द बोलणार, या भीतीने माइकचा दांडा माझ्या मुठीत ओला झाला. काकांनी हातातल्या पानाला काडी टोचली आणि दुसरं पान घेतलं. मान काही वर केली नाही.

मतदानापर्यंतचे पुढचे आठ-दहा दिवस माझ्या शत्रूच्याही वाट्याला येऊ नयेत. काकांच्या घरावरून जाताना मी गाडी हळू करायचो, आतून कोणाचा आवाज येतो का बघायचो. त्यांच्याकडे कोणी गेलं की ते परत येईपर्यंत मी नाक्यावर थांबायचो. त्यांच्या घरी साखरेची पिशवी पाठवली, ती त्यांनी ठेवून घेतली, मग वाटलं निभावलं. दुसऱ्या दिवशी कळलं की ती साखर त्यांनी देवीच्या प्रसादात घातली. समोरच्या पॅनेलवाल्यांनी तर त्यांना चावडीवर गाठून सरळ विचारलं, “काका, विलासला खरंच उजवा पडला?” काका म्हणाले, “इचारणाऱ्याला इचारा.” हे माझ्या कानावर आलं तेव्हा मी जेवत होतो. ताट सारून उठलो. बोलले असते तर परवडलं असतं, असं वाटायला लागलं.

मी निवडून आलो. अंगावर गुलाल तसाच ठेवून देवळात गेलो, नारळ दिला, ताटात पाचशेची नोट ठेवली. काकांनी नोट उचलून माझ्या हातात परत दिली आणि तिच्यावरच्या सिंहांवर बोट ठेवलं. “ह्याच्या खाली बारीक अक्षरात काय लिवलंय, वाच. चष्मा लागला तर माझा घे.” मी हसण्यावारी नेलं. ते हसले नाहीत.

त्या दिवसापासून रघूकाकांनी कौल लावणं बंद केलं.

पूजा चालू, नैवेद्य चालू, फक्त कौल नाही. लोकांना वाटलं म्हातारपण, हात कापत असेल. मी पण तेच सांगत सुटलो. मग आईच्या पित्ताशयात खडे निघाले. पेणचे डॉक्टर म्हणाले, थांबू नका, ऑपरेशन करून टाका. आई कौल घेतल्याशिवाय तयार होईना. दोन वेळा देवळात गेली, दोन्ही वेळा काकांनी हात जोडले. “वैनी, डाक्तर सांगतो तसं कर. माझ्याकडं आता काय नाय.”

दुसऱ्यांदा परत आली तेव्हा ती ओट्यावर बसली आणि माझ्याकडे बघत राहिली.

“विलास, तुला खरंच उजवा दिलान व्हता?”

“हो.”

“मग रघूभावजी मला का नाय लावत?”

मी गाडीची चावी शोधायला आत गेलो. आईने पुन्हा विचारलं नाही. ऑपरेशनला ती तयार झाली, बरीही झाली, पण आत नेईपर्यंत तिने माझा हात धरला नाही. सुनेचा धरला.

त्यानंतर मी काकांकडे गेलो. सरपंचाच्या रुबाबात गेलो होतो, पण त्यांच्या पडवीत बसलो आणि आवाज उतरला. “काका, माझ्यावरचा राग गावावर कशाला?”

“राग नाय रे. तू देवीच्या नावानं खोटं बोललास, ती सोशील. तिनं लय बघितलंय.” त्यांनी हातातली पानं बाजूला ठेवली. असं ते क्वचितच करत. “पण आता माझ्या हातून कळी पडली, का माणसाच्या मनात येणार, ह्यो खरा का भाषणातला? मंग मी कशाला चिकटवू?”

“मग मी काय करू?”

“जिथं बोललास तिथंच बोल. माइक घेऊन बोल. दुसऱ्या दिवशी सकाळी कौल लावतो.”

“माझं पद जाईल, काका.”

“जाईल का राहील, मला ठाव नाय. तू घाबरतोस, येवढं दिसतंय.”

“मग तुम्हीच सांगून टाका ना एकदाचं!”

“माझा हाय का तो, सांगायला?”

मी बोललो नाही. पुढच्या जत्रेला बोलू, ग्रामसभेत बोलू, असं करत दोन वर्षं काढली. मग रघूकाका गेले. दुपारी पत्रावळ टाचता टाचता भिंतीला टेकले ते उठलेच नाहीत. शोकसभा देवळासमोर झाली, आणि माइक पुन्हा माझ्या हातात आला. जागा तीच, माणसंही तीच. मी देवीचं नाव घेतलं आणि म्हणालो, “काकांच्या तोंडून खोटा शब्द कधी आला नाही.” सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढे आणखी एक वाक्य होतं. ते बोललो असतो तर त्या माणसाला खरी श्रद्धांजली झाली असती. मी दोन मिनिटं उभं राहायला सांगितलं आणि खाली उतरलो.

काकांना मूलबाळ नव्हतं. पूजा आता त्यांचा पुतण्या दिनेश बघतो. चाळिशीचा गृहस्थ, डोलवीच्या कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला, शिफ्ट सांभाळून देवळात येतो. माणूस चांगला, कष्टाळू. त्याने कौल पुन्हा सुरू केला आणि गाव खूश झालं. आता निवडणूक परत तोंडावर आली आहे. गेल्या रविवारी तो माझ्या वरसेच्या फ्लॅटवर आला. चहा झाला. मंडप कोणाचा, स्पीकर कोणाचा, असं बोलता बोलता त्याच सुरात म्हणाला, “दादा, कौलाचं कसं करायचं? तुम्ही सभेच्या दिवशी येताव का मीच गावात सांगून ठेवू, उजवा पडला म्हणून?”

त्याच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. दार लोटलेलं होतं, घरात दुसरं कोणी नव्हतं. इतकी वर्षं अडलेलं वाक्य मी त्याच्यापाशी बोललो.

“दिनेश, मागच्या वेळी मला डावा पडला होता.”

त्याने कप खाली ठेवला आणि मला धीर द्यावा तसा हसला.

“आसूदे हो दादा. मोठ्या काकानं कुठं सांगितलंन कोणाला?”