धम्मदीपचं तोंड आणि लॅबची मान्यता

कुरुंद्यात धम्मदीपची हळद तपासायची लॅब आहे. एम.एस्सी. करून गावी परत आलेला आणि लॅब काढलेला पंचक्रोशीतला पहिला माणूस आपणच, हे तो न विचारता सांगतो. विचारलं तर सांगणं लांबतं, ऐकणाऱ्याला खुर्ची द्यावी लागते.

यंत्रं चांगली होती, तराजूचं कॅलिब्रेशन, म्हणजे वजन बरोबर दाखवतो की नाही याची पारख, झालेलं होतं. पण बाहेरदेशी हळद पाठवणारे व्यापारी त्याचा रिपोर्ट पाहून एकच विचारायचे, "एनएबीएल आहे का?" लॅबच्या आकड्यांवर देशानं विश्वास ठेवावा की नाही, हे ठरवणारी ही संस्था. तिची मान्यता नसेल तर धम्मदीपचा रिपोर्ट म्हणजे भज्यांच्या पुडीचा कागद. मान्यता मिळाली नाही तर लॅबला कुलूप आणि पुण्यात नोकरी, असं त्यानं मायला सांगून ठेवलं होतं.

म्हणून तपासणीआधी त्यानं जिवाचं रान केलं. नमुन्याच्या पाकिटावर शेतकऱ्याचं नाव नाही, फक्त नंबर. भिंतीवर मोठ्या अक्षरांत 'ग्राहकाची माहिती गोपनीय ठेवली जाते.' ती अक्षरंही त्यानं स्वतःच रंगवली.

नागपूरहून परीक्षक साधना मॅडम आल्या. त्यांनी वजनांचे दाखले पाहिले, ओव्हनचं तापमान मोजलं, एकच नमुना त्याला समोर दोनदा तपासायला लावला. आकडे जुळले. धम्मदीप मनातल्या मनात पेढे वाटू लागला.

"छान. आणि गोपनीयता?"

"मॅडम, कुणाचा काय निकाल, माझ्या आईलासुद्धा कळत नाही."

"असं? मग नामाजींच्या हळदीत ओल जास्त निघाली, हे मला कसं कळलं?"

धम्मदीप भिंतीवरच्या आपल्याच अक्षरांकडे पाहू लागला.

"स्टँडवर रस्ता विचारला," मॅडम म्हणाल्या. "हनुमान चहावाल्यानं रस्ता सांगितला, वर अख्ख्या गावाची हळद सांगितली. म्हणाला, आमचं पोरगं लई हुशार, रोज सांजंला इथं बसून समद्यांचे निकाल सांगतं."

खरंच होतं ते. दहावीचा निकाल असो की गाभण म्हैस, गावाची बातमी हनुमानच्या टपरीवरच फुटायची. मग हळदीनं काय घोडं मारलं होतं? धम्मदीप मनाशी याला विज्ञानप्रसार म्हणायचा. चार माणसं 'वा रे पठ्ठ्या' म्हणायची, तेवढ्यानं प्रसाराला जोर चढायचा. त्याच टपरीवर व्यापारीही चहा पितात, हे मात्र त्या एम.एस्सी.च्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

मॅडमनी त्रुटी लिहिली. ती दुरुस्त करून पुरावे द्या, मगच मान्यतेचा विचार, असं सांगून त्या गेल्या.

धम्मदीप आधी नामाजींच्या घरी गेला. "काका, चुकलं माझं."

"व्यापाऱ्यानं भाव पाडला तवाच कळलं मला," नामाजी म्हणाले. "तुझं मशीन बराबर हाय रे. तोंडाचं कॅलिबिरेशन कुठं होतं का, ते पाय."

मग निकाल बंद पाकिटात, ज्याचा त्याच्या हातात, सही घेऊन. टपरीवर तो गप्प बसू लागला, तर लोक चेहऱ्यावरून ताडू लागले. "काहून रे, आज तोंड पडलं? जळबाची हळद गेली वाटतं!" जळबाची हळद उत्तम आली होती आणि तोंड दाढ ठणकल्यानं पडलं होतं, पण सांगायचं कसं? शेवटी त्यानं टपरीच सोडली. "शिकला तसा माजला," हनुमान म्हणाला. घरी जनकाबाईनं, त्याच्या मायनं, विचारलं तरी उत्तर एकच, "ज्याचा निकाल त्यालाच, माय."

मॅडम पुन्हा येऊन पाहून गेल्या. पुढं एका दुपारी मोबाईलवर मान्यतेचं पत्र आलं. धम्मदीप धावत अंगणात गेला. जनकाबाई तूर पाखडत होती.

"माय, निकाल आला!"

"नगं सांगू."

"अगं, ऐक तर—"

"कुणाचा हाय?"

"माझा!"

"मंग पाकिटात घाल," सूप न थांबवता ती म्हणाली, "अन् सही घे सोताचीच."