मृण्मयीची पदवी

सुजाताकाकूंनी सारंगला मलकपेठला घरी बोलावून घेतलं. चहा दिला, मग मोबाइल त्याच्या हातात दिला.

"मोठ्या कागदावर छापून दे रे. कोठीच्या बाजारात फ्रेम करायला टाकते."

पडद्यावर पदवी होती. बी.एस्सी., प्रथम श्रेणी. नाव मृण्मयीचं.

मृण्मयी काकूंची एकुलती एक मुलगी. दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेआधीच ती डेंग्यूने गेली होती.

सारंगने पदवीवरचा चौकोनी कोड आपल्या मोबाइलने तपासला. हिरवी खूण आली. वैध.

ती खूण त्यानेच बनवली होती. तारनाक्याच्या एका लहान कंपनीत तो कॉलेजांसाठी डिजिटल प्रमाणपत्रांची यंत्रणा सांभाळायचा. एक प्रोग्राम साच्यात नाव भरतो, दुसरा कॉलेजची डिजिटल सही करतो, तिसरा मेल धाडतो. माणसाचा हात कुठेच लागत नाही. चाचणीला खोटा विद्यार्थी लागतो, पण मेल पोचतो का हे बघायला पत्ता खरा हवा. सगळेच ओळखीच्या कुणाचा तरी घालतात. त्याने शेजारच्या मृण्मयीचं नाव आणि पत्ता घातला.

"फर्स्ट क्लास दे हां," ती म्हणाली होती. "नाहीतरी खरा कुठे मिळणारेय."

पुढे सर्व्हर बदलले. जुना डेटा नव्यात ओतताना चाचणीतली मृण्मयीही खऱ्या विद्यार्थ्यांत जाऊन बसली. दर निकालाला यंत्रणा तिला पास करत राहिली.

"हे कधी आलं, काकू?"

"आज सकाळी. दुसऱ्या वर्षाचं गेल्या साली आलं की. तिचा मेल मी चालू ठेवलाय."

"मला बोलला नाहीत."

"काइकू बोलू? तू काढून टाकला असतास."

सारंगने चहा बाजूला ठेवला. "चूक आहे ती. माझी."

"हौ, ठाऊक आहे. येडी आहे का मी?" काकू हसल्या. "पण परीक्षेच्या दिवसांत टीव्ही लावत नाही मी."



कॉलेजच्या त्याच डिजिटल सहीवर कितीतरी मुलं नोकरीला लागली होती. एक पदवी खोटी निघाली तर त्या सगळ्यांकडे संशयाने पाहिलं गेलं असतं. आधी पदवी रद्द करायची, मग विद्यार्थ्यांतून तिचं नाव काढायचं. त्याने बॅगेतून लॅपटॉप काढून उघडला. यंत्रणेने कारण विचारलं. 'चुकून दिले' निवडून त्याने बटण दाबलं.

काकूंच्या हातातला मोबाइल वाजला. त्यांनी चष्मा लावून मेल वाचला.

"रद्द म्हणजे?"

"ती पास नाही झाली, काकू."

काकूंनी आतल्या खोलीच्या लोटलेल्या दाराकडे पाहिलं.

"हळू बोल," त्या म्हणाल्या. "परीक्षेला परत बसेल ती."

नाव काढायचं राहिलं होतं. सारंगने लॅपटॉप मिटला.